न्यू ऑर्लिअन्सचे चार वाजंत्री



आज मी आपल्याला एका रेकॉर्डची ओळख करून देणार आहे. रेकॉर्ड अमेरिकेतली आहे, आणि सन १९६९ ची आहे. तिच्यावर बारा रचना आहेत. पण बारांपैकी एकाही रचनेला गायक नाही. मध्येच एखादी आरोळी ऐकू येते, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. बाकी सारे काम चार वाद्यांचे. एक ऑर्गन, एक गिटार, एक बास गिटार आणि एक ड्रमसेट. सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आसपासचे वादन. रेकॉर्डचे नाव 'द मीटर्स', आणि वाजवणाऱ्या मंडळींचे नावही तेच. ही त्यांची पहिलीच लाँग-प्ले तबकडी.

आपण म्हणाल, "मास्तर, त्या अमेरिकेतल्या चार वाजंत्र्यांचं आम्ही काय करायचं? आमची पेरणी खोळंबली आहे, शाळेतली परीक्षा तोंडावर आली आहे." प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे, की चार माणसांनी एका कामात एकमेकांना जागा कशी द्यावी, हे भाषणे ऐकून जेवढे समजत नाही तेवढे ही रेकॉर्ड ऐकून समजते. आणि दुसरे असे, की ठेक्याला दुभाष्या लागत नाही. शब्दच नाहीत म्हटल्यावर इंग्रजी येण्या-न येण्याचा प्रश्नच मिटला. कान असला म्हणजे झाले.

प्रथम या संगीताचे नाव पाहू. तिकडे याला 'फंक' म्हणतात. शब्द मुळात फारसा सभ्य नव्हे. उग्र, घामट असा दर्प, हा त्याचा जुना अर्थ. पुढे जॅझ वाजवणारे तोच शब्द कौतुकाने वापरू लागले. ज्या वाजवण्यात गुळगुळीतपणा कमी आणि जीव जास्त, ते 'फंकी'. आपल्याकडे नाही का, एखाद्याच्या गाण्याला "काय रांगडं गातो!" म्हटले तर ती शाबासकीच असते? तसलाच हा प्रकार.

या रांगडेपणाला शिस्त लावली ती जेम्स ब्राउन नावाच्या गायकाने. 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' हे त्याचे गाणे १९६५ सालचे, आणि 'कोल्ड स्वेट' १९६७ सालचे. या गाण्यांत एक मोठी उलथापालथ झाली. तोपर्यंत तिकडच्या लोकप्रिय गाण्यांत चाल ही घरधनीण असे, आणि ठेका हा तिच्या मागे पिशवी घेऊन चालणारा गडी. ब्राउनने गड्याला पुढे आणले. गिटार असो, तुताऱ्या असोत, की गायकाचा स्वतःचा गळा असो, सगळ्यांनी ड्रमसारखे वागायचे. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या भाषेत समेवर, सगळ्यांनी मिळून पाय रोवायचा. आणि मधल्या वाटेत ज्याने त्याने आपापली चाल चालायची. फंक म्हणतात ते थोडक्यात हे.

पण जेम्स ब्राउनचा ताफा मोठा होता. तुताऱ्या होत्या, आणि सर्वांच्या पुढे खुद्द तो स्वतः नाचत-गात असे. मीटर्सनी काय केले? त्यांनी तुताऱ्या काढल्या. गायक काढला. चौघे उरले. आणि या चौघांनी जे उभे केले, ते ऐकून आज पन्नासांहून अधिक वर्षांनीही पाय जागचा हलतो.

हे चौघे आले कुठून, हे समजण्यासाठी त्यांच्या गावाची माहिती हवी. गाव न्यू ऑर्लिअन्स. मिसिसिपी ही अमेरिकेची महानदी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या अलीकडे, तिच्या वळणावर हे शहर वसले आहे. १७१८ मध्ये फ्रेंचांनी ते वसवले, पुढे काही काळ ते स्पेनकडे होते, आणि १८०३ मध्ये लुइझियानाच्या अफाट प्रदेशासह ते अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतले. बंदर असल्यामुळे तिथे देशोदेशींची माणसे आली. आणि हजारो माणसे अशी होती, की जी आपणहून आली नव्हती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून त्यांना आणले गेले होते.

या शहरात एक मोकळी जागा आहे. तिला काँगो स्क्वेअर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलामांना रविवारी दुपारी तिथे जमण्याची मुभा असे. ही माणसे तिथे आपले ढोल वाजवीत, आपापल्या मुलखाचे नाच नाचत, बाजारही मांडीत. अमेरिकेच्या बाकी बहुतेक भागांत गुलामांच्या ढोलांवर मालकांचा फार राग. ढोलाने निरोप जातात, बंड होते, ही भीती. इथे मात्र आठवड्यातून एक दुपार ढोल वाजत राहिला. म्हणून या शहराच्या अंगात ठेका मुरला, असे इतिहासकार सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. जॅझ इथेच वाढले. लुई आर्मस्ट्राँग हा जगप्रसिद्ध तुतारीवाला याच शहरात १९०१ साली जन्मला.

या शहरातली आणखी एक रीत सांगितली पाहिजे, कारण तिचा आपल्या रेकॉर्डशी थेट संबंध आहे. तिथे कृष्णवर्णीय वस्त्यांत मयताबरोबर बँड चालण्याची प्रथा आहे. दफनभूमीकडे जाताना बँड संथ, शोकाच्या सुरावटी वाजवतो. मृताला निरोप दिला, परत फिरले, की ठेका बदलतो. तो उसळता होतो. घरचे लोक आणि बँड पुढे असतात, ती पहिली ओळ. तिच्या मागून गल्लीबोळांतले लोक रुमाल आणि छत्र्या हलवीत नाचत येतात, ती 'दुसरी ओळ'. त्यावरून या ठेक्यालाच 'सेकंड लाइन' हे नाव पडले. यात मोठा ढोल एकाच्या गळ्यात, लहान ताशासारखा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात. आणि मोठ्या ढोलाचा ठोका नेमका जिथे पडेल असे वाटते तिथे तो पडत नाही. जरा पुढे किंवा जरा मागे पडतो. त्यामुळे चालणाऱ्याचे पाऊल सैनिकासारखे पडत नाही, ते झुलत पडते.

मीटर्सचा ड्रमवाला जोसेफ मॉडेलिस्ट, ज्याला सारे 'झिगाबू' म्हणतात, तो याच मिरवणुकांच्या गावात वाढला. रस्त्यावर दोन-तीन माणसे मिळून जे वाजवीत, ते त्याने एका जागी बसून, दोन हात आणि दोन पाय यांच्या जोरावर वाजवले. रेकॉर्ड निघाली तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता.

उरलेल्या तिघांपैकी वडीलधारा आर्ट नेव्हिल. ऑर्गन त्याचा. जन्म १९३७ चा. १९५४ साली, म्हणजे जेमतेम सतराव्या वर्षाच्या आसपास, हॉकेट्स नावाच्या वाद्यवृंदाबरोबर 'मार्डी ग्रा माम्बो' हे गाणे त्याने गायिले. शहराचा जो वार्षिक जल्लोष असतो, त्यात ते गाणे आजतागायत वाजते. म्हणजे बघा, हा माणूस मुळात गायक! गिटार लिओ नोसेंटेलीची, आणि बास गिटार जॉर्ज पोर्टरची. हे दोघेही तेव्हा ऐन विशीत.

आता गंमत ऐका. या मंडळींचा ताफा प्रथम मोठा होता. नाव 'नेव्हिल साउंड्स'. त्यात आर्टचे भाऊ एरन आणि सिरिल हे गाणारे होते, एक सॅक्सोफोनवालाही होता. पुढे या ताफ्याला शहराच्या जुन्या भागात, बर्बन स्ट्रीटवर, 'आयव्हनहो' नावाच्या क्लबमध्ये काम मिळाले. पण तिथे सोय होती फक्त चौघांपुरती. कोणाला ठेवायचे आणि कोणाला नाही? आर्ट नेव्हिलने ठेक्याची माणसे ठेवली. सख्खे भाऊ गाणारे असताना त्यांना बाजूला राहावे लागले. हा निर्णय घरात कसा झाला असेल, याची कल्पना आपण करावी. मोठे कुटुंब असणाऱ्याला ती करणे अवघड नाही.

चौघे उरले, आणि रात्रीमागून रात्री, तासन् तास त्यांना वाजवावे लागले. समोर खाणारे-पिणारे गिऱ्हाईक. गायक नाही, तेव्हा त्यांना खिळवून ठेवायचे ते वाद्यांनीच. अशा ठिकाणी दोन वाटा असतात. एक वाट अशी, की माणसे कमी पडली म्हणून प्रत्येकाने दुप्पट वाजवायचे. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची. दुसरी वाट अशी, की रिकामी जागा रिकामीच ठेवायची, आणि तिलाच वाजायला लावायचे. या चौघांनी दुसरी वाट धरली. लहान जागेत वाजवता वाजवता त्यांच्या वादनात ऐसपैस जागा झाली.

याच सुमारास ॲलन टूसाँ या गावच्या नामांकित संगीतकाराने त्यांना हेरले. टूसाँ हा गाणी रचणारा, पियानो वाजवणारा आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्डी घडवणारा मोठा कारागीर. ली डॉर्सी या गायकाचे 'वर्किंग इन द कोल माइन' हे १९६६ चे गाजलेले गाणे त्याचेच. त्याने आणि त्याचा भागीदार मार्शल सीहॉर्न याने या चौघांना आपल्या ध्वनिमुद्रणांसाठी साथीदार म्हणून घेतले. मग चौघांच्या स्वतःच्या रेकॉर्डी काढायचे ठरले. नाव बदलले. 'मीटर' या इंग्रजी शब्दाचे अर्थ दोन: मोजण्याचे यंत्र, आणि कवितेतला छंद. दोन्ही अर्थ या मंडळींना शोभतात. न्यूयॉर्कच्या 'जोसी' कंपनीने रेकॉर्डी बाजारात आणल्या. आधी लहान तबकड्या निघाल्या, आणि १९६९ मध्ये ही मोठी.

रेकॉर्डवर सुई टेकली, की पहिलीच रचना 'सिसी स्ट्रट'. स्ट्रट म्हणजे छाती काढून, तोऱ्यात चालणे. एक आरोळी, आणि लगेच गिटार व बास दोघे मिळून एक छोटीशी ओळ वाजवतात. ओळ इतकी साधी, की एकदा ऐकल्यावर लहान पोरही गुणगुणेल. ओळ संपते. आणि मग काय होते? मग गिटार थांबते. बास थांबतो. क्षणभर तिथे काही नाही. फक्त मॉडेलिस्टचे हात चालू आहेत, बारीक, टिचक्या मारल्यासारखे. पुन्हा ती ओळ, पुन्हा ती फट. आपला जीव त्या फटीत अडकतो. पुढची ओळ येणार हे ठाऊक असते, केव्हा येणार हेही ठाऊक असते, आणि तरी ती आली की बरे वाटते. माझ्या मते या रचनेचे सारे यश त्या फटीत आहे.

आपल्या तालशास्त्राचे ज्यांना ज्ञान आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. तीनतालात नवव्या मात्रेवर 'खाली' येते. हाताने ताल धरणारा तिथे टाळी देत नाही, हात उलटा करून दाखवतो. टाळी नाही, पण मात्रा आहे. मोजदाद चालूच असते. फंक आणि तीनताल यांचे नाते जोडण्याचा माझा इरादा नाही. दोन्हींची घडण अगदी वेगळी. पण न वाजवलेली मात्राही मोजावी लागते, हे तत्त्व दोन्हीकडे खरे आहे.

शिक्षक बंधू-भगिनींना वर्गात करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. फळ्यावर एका ओळीत सोळा घरे काढा. आकडे घाला. मुलांचे तीन गट करा. पहिल्या गटाने पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर पाय आपटायचा. हा झाला पाया. दुसऱ्या गटाने चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि चौदाव्या घरावर टाळी द्यायची. तिसऱ्या गटाने फक्त पहिल्या आणि अकराव्या घरावर बाकावर थाप मारायची. प्रथम अगदी सावकाश. गोंधळ होईल, हसू होईल, होऊ द्या. पाच-सात मिनिटांत जमते. जमले की वर्गात काहीतरी डोलू लागते. तेवढ्यात सगळ्या मुलांना सांगा, "आता प्रत्येकाने सोळाच्या सोळा घरांवर वाजवा." झाले! डोलणे संपले, उरला तो नुसता गलका. कुठे वाजवू नये हे कळणे म्हणजे काय, ते मुलांना त्या क्षणी उमगते. नंतर 'सिसी स्ट्रट' ऐकवा. ही रचना फार तर तीन मिनिटांची. आज मोबाइलवरही ती सहज मिळते.

ऐकण्याची एक रीतही सुचवतो. एकच रचना चार वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त ड्रमकडे कान द्या. दुसऱ्या वेळी फक्त बासकडे. पोर्टरचा बास कसा थोडक्या सुरांत बोलतो आणि मध्येच श्वास घेतो, ते पाहा. तिसऱ्या वेळी नोसेंटेलीची गिटार. कधी ती सूर वाजवते, कधी तारा दाबून धरून नुसताच खरखरीत ठेका देते. चौथ्या वेळी आर्ट नेव्हिलचा ऑर्गन. तो तर बऱ्याच वेळा मागच्या ओसरीवर बसलेल्या वडील माणसासारखा आहे. फार बोलत नाही. पण तो उठून गेला तर घर सुने वाटेल. असे चार वेळा ऐकल्यावर पाचव्यांदा सगळे मिळून ऐका. मग कळते, की कोणीही कोणाच्या मागे नाही. चौघेही साथीदार, आणि चौघेही मुख्य.

बाकीच्या रचनांविषयी थोडे सांगतो. 'सोफिस्टिकेटेड सिसी' ही सावकाश, ऐटबाज चालीची. 'लाइव्ह वायर' म्हणजे वीज वाहणारी तार. तिच्यात ड्रम नावाप्रमाणेच झटके देतो. 'ईज बॅक' म्हणजे जरा सैल बसा, असा भाव. वादनही तसेच, उन्हाळ्यातल्या दुपारसारखे. एका रचनेचे नाव 'हिअर कम्स द मीटर मॅन', म्हणजे मीटर बघायला येणारा माणूस आला हो! मंडळाच्या नावावरची ही कोटी. एकीचे नाव 'सिक्स व्ही सिक्स एल ए'. यातला 'सिक्स व्ही सिक्स' हे ध्वनिवर्धकातल्या एका काचेच्या व्हॉल्व्हचे नाव आहे. ज्यांनी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून दुरुस्त केले आहेत, त्यांना तो परिचयाचा असेल. तापायला वेळ घेणारा आणि मग गोड बोलणारा. शेवटच्या दोन रचना दुसऱ्यांच्या गाण्यांवरून घेतलेल्या आहेत, 'स्टॉर्मी' आणि 'सिंग अ सिंपल साँग'. गाण्यातले शब्द काढून घेतले तर मागे काय उरते, आणि जे उरते ते किती भरघोस असू शकते, याचा पडताळा त्यांत मिळतो.

लोकांनी ही रेकॉर्ड कशी घेतली? 'बिलबोर्ड' नावाचे तिकडच्या संगीत-व्यवसायाचे एक नामांकित पत्र आहे. त्यात आठवड्याला खपाच्या याद्या येतात. कृष्णवर्णीय समाजातल्या आवडीनिवडीची जी निराळी यादी असे, तिच्यात 'सिसी स्ट्रट' चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. आणि सर्वसाधारण यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत. शब्दावाचूनच्या वादनासाठी ही मजल लहान नव्हे.

त्या काळाचाही विचार केला पाहिजे. सार्वजनिक जागांतला वर्णभेद अमेरिकेत कायद्याने संपला तो १९६४ साली. याच न्यू ऑर्लिअन्समध्ये १९६० साली रूबी ब्रिजेस नावाच्या सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्यांच्या शाळेत जाताना सरकारी शिपायांचा पहारा द्यावा लागला होता. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून एप्रिल १९६८ मधला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने ही रेकॉर्ड आली. त्याच वेळी जेम्स ब्राउन आपल्या काळेपणाचा अभिमान गाण्यातून मोठ्याने सांगत होता. मीटर्सनी शब्दांत काहीच सांगितले नाही. पण ज्यांच्या पणज्या-पणजोबांना माणसांतच धरले गेले नाही, त्यांचे चौघे वारस किती निवांतपणे, किती ऐटीत, कसलीही घाई न करता वाजवताहेत, हे ऐकणाऱ्याला ऐकू आल्यावाचून राहत नाही.

पुढची हकीकत मात्र सुखाची नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मी पुढे गेलो तर तो लबाडपणा होईल. 'जोसी' कंपनी लवकरच बुडाली. मीटर्सनी नंतर दुसऱ्या कंपनीकडे रेकॉर्डी केल्या. गाण्यांना शब्द आले, भाऊ सिरिल परत येऊन मिळाला. १९७५ आणि १९७६ मध्ये 'रोलिंग स्टोन्स' या जगप्रसिद्ध मंडळाच्या दौऱ्यांत ते वाजवायला गेले. दुसऱ्या अनेक गायकांच्या गाजलेल्या गाण्यांमागे यांचा ठेका आहे. डॉक्टर जॉनचे १९७३ चे 'राइट प्लेस राँग टाइम' घ्या. इतके होऊनही पैशाचे, हक्कांचे, अखेर मंडळाच्या नावाचेही वाद उभे राहिले, आणि १९७७ मध्ये मंडळ फुटले. नाव मोठे झाले, पण पदरात त्या मानाने थोडे पडले, असे त्यांच्यातल्या काहींनी पुढे बोलून दाखवले आहे.

आणि नेमक्या याच काळानंतर त्यांचा ठेका जगभर पसरू लागला. १९८० नंतरच्या वर्षांत 'हिप-हॉप' नावाचे संगीत वाढले. त्यात जुन्या रेकॉर्डींतला एखादा तुकडा कापून घेतात, तो फिरून फिरून वाजवतात, आणि त्यावर नवे शब्द म्हणतात. असल्या कापाकापीला मीटर्सच्या रेकॉर्डी फार सोयीच्या. का? कारण त्यांत जागा मोकळी आहे! नवा शब्द बसवायला आयती ओसरी. आजची पुष्कळ तरुण मुले मीटर्सचे नाव न ऐकताही त्यांचा ठेका ऐकून मोठी झाली आहेत.

इथे मला थांबून एक गोष्ट म्हणावीशी वाटते. वादनात चौघांनी एकमेकांसाठी जागा सोडली. व्यवहारात मात्र त्यांच्यासाठी फारशी जागा कोणी सोडली नाही, आणि काही वेळा त्यांची त्यांनाही ती सोडता आली नाही. कलेतला समजूतदारपणा आपोआप संसारात उतरतो, असे समजण्याचे कारण नाही. करारपत्र वाचून सही करणे, हक्क समजून घेणे, वाटणी वेळच्या वेळी लिहून ठेवणे, ही कामे ठेक्याच्या भरवशावर सोडून चालत नाहीत. आपल्या गावच्या भजनी मंडळाला आणि तमाशाच्या फडालाही हे लागू आहे. सहकारी सोसायटीलाही लागू आहे.

तरी पण फुटलेली मंडळी पुढे अधूनमधून एकत्र आली. २००५ च्या वसंतात न्यू ऑर्लिअन्सच्या संगीत महोत्सवात हे मूळचे चौघे पुन्हा एका मंचावर वाजवायला बसले. आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला कॅट्रिना हे चक्रीवादळ त्या शहरावर आले. बंधारे फुटले. शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला, शेकडो माणसे दगावली, आणि ज्या वस्त्यांत ती मिरवणुकीची परंपरा जपली गेली होती, त्या वस्त्यांतली माणसे देशभर पांगली. पण लोक परतू लागले तशा मिरवणुकाही परतल्या. मोडक्या घरांपुढून बँड पुन्हा चालू लागला, आणि मागे दुसरी ओळ होतीच.

'सिसी स्ट्रट' या रचनेला २०११ साली ग्रॅमीच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले. २०१८ साली ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार या मंडळाला दिला गेला. दुसऱ्याच वर्षी, २२ जुलै २०१९ रोजी, आर्ट नेव्हिल वारला. वय एक्याऐंशी. त्याआधी २०१५ मध्ये ॲलन टूसाँही गेला होता.

शेवटी एवढेच सांगतो. ही रेकॉर्ड काही थोर तत्त्वज्ञान सांगायला बसलेली नाही. लोकांना नाचवावे, रात्र बरी जावी, एवढाच तिच्या कर्त्यांचा हेतू असावा. ती ऐकताना प्रथम पायच हलू द्यावा. विचार मागाहून करावा. पण विचार करायला बसलात, तर एक प्रश्न जरूर मनाशी घ्या. आपल्या घरात, शाळेत, पंचायतीत, आपण जेव्हा चार माणसे मिळून काही करायला बसतो, तेव्हा आपल्यातला प्रत्येकजण सोळाच्या सोळा घरांवर वाजवतो आहे, की दुसऱ्याचे घर मोकळे ठेवून आपल्या घराची वाट पाहतो आहे?

ज्या शिक्षकांनी वर्गात तो सोळा घरांचा प्रयोग करून पाहायचे मनात घेतले असेल, त्यांना एक सूचना करून मी आपली रजा घेतो. वर्गातली सगळ्यांत दांडगी मुले तिसऱ्या गटात घाला. सोळा घरांत दोनच थापा, आणि बाकी वेळ गप्प राहून मोजणे. हे काम सगळ्यांत अवघड आहे, आणि एकदा जमले की तीच मुले ते सगळ्यांत चांगले करतात.